मॉरिशसचा निवृत्ती परवाना: अटी वाचून, वापरून

आधी निकाल सांगून टाकते. परवाना चांगला आहे, पाचपैकी चार तारे. पाचवा तारा डॉलरने खाल्ला, त्याचा हिशोब पुढे मांडते. आणि परवान्याबरोबर ज्या गोष्टी आपोआप गळ्यात पडतात, म्हणजे बँक, दवाखाना, घर, आधारचे ओटीपी, त्यांचे तारे मी वेगळे मोजणार आहे, कारण तिथे गडबड आहे.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेली अधिकारी, आमचे हे मुंबई बंदरातून निवृत्त. घर डोंबिवली पूर्वेला. मुलगा टोरोंटोला असतो. त्याच्याकडे एक हिवाळा काढला तेव्हाच आम्हाला कळून चुकले की ह्या वयात बर्फ फावड्याने उपसणे आपल्याच्याने होणार नाही. माझा भाचा तेव्हा मॉरिशसला मेट्रोच्या कामावर होता (ती मेट्रो एल अँड टीने बांधली, भारत सरकारच्या मदतीने). त्याच्याकडे महिनाभर राहून आलो आणि तिथून हा किडा डोक्यात शिरला. २०२३ च्या मध्याला आम्ही आलो. आता एवढे दिवस झालेत की परीक्षण लिहायला हरकत नाही. आल्या-आल्या लिहिले असते तर नुसते समुद्राचे फोटो टाकले असते.

परवाना असा आहे. वय पन्नासच्या वर हवे. मुदत दहा वर्षे. देणारी संस्था इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड, सगळे ईडीबी म्हणतात. पगारी नोकरी करायची नाही. आणि मुख्य अट: ठरलेली रक्कम बाहेरच्या देशातून इथल्या बँकेत आणायची. आमच्या अर्जाच्या वेळी ती महिना १,५०० डॉलर किंवा वर्षाला मिळून १८,००० डॉलर होती. सरकार हे आकडे बदलते, त्यामुळे माझ्या आकड्यावर विसंबू नका, अर्ज भरायच्या दिवशी ईडीबीच्या संकेतस्थळावरचा बघा. नवराबायकोपैकी एकाने मुख्य अर्जदार व्हायचे, दुसरा अवलंबित. मुख्य अर्जदार मी आहे. ह्यांना सुरुवातीला ते 'अवलंबित' जरा टोचले.

अर्ज ऑनलाइन, मंजुरी आल्यावर मूळ कागद घेऊन राजधानी पोर्ट लुईच्या कार्यालयात. वैद्यकीय तपासण्या लागतात: एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, छातीचा एक्स-रे वगैरे. खिडकीवरच्या मुलीने माझी फाइल उघडली, कागद क्रमाने लावलेले बघितले आणि विचारले, "मादाम, तुम्ही बँकेत होता का?" ह्या भागाला पाच तारे. सरकारी कार्यालयात खुर्ची, पाणी आणि "हे कागद परत आणा" असे एकदाही न ऐकणे, ह्याची आपल्याला सवय नाही.

खरी दमछाक त्याच्या आधीची, डोंबिवलीतली. १९६० च्या आसपास जन्मलेल्या माणसाकडे जन्मदाखला कुठून असणार? शाळा सोडल्याचा दाखला आहे, त्यावर माहेरचे नाव. पासपोर्टवर सासरचे नाव, मध्ये नवऱ्याचे नाव. पॅनवर त्याच नावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळे. आणि लग्न? आमचे लग्न मंगल कार्यालयात झाले, साडेतीनशे पाने उठली, फोटोंचे दोन अल्बम आहेत, नोंदणी मात्र कुणी केली नव्हती. अवलंबित म्हणून नवऱ्याला सोबत न्यायचे तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागणार. म्हणून नातवंडांच्या वयात महापालिकेत जाऊन, तीन साक्षीदार उभे करून, लग्नाची नोंद केली. साक्षीदार म्हणून माझी नणंद आली होती. तिने येताना पेढे आणले.

मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जाण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय करारातले साक्षांकन. भारत २००५ पासून त्या करारात आहे, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचे एक चिकटपत्र लागले की दुसऱ्या देशाच्या वकिलातीत वेगळा शिक्का लागत नाही. पण त्याआधी राज्य सरकारची साक्षांकनाची पायरी असते, आणि जुने, हाताने लिहिलेले दाखले तिथे अडतात. जो कोणी हे वाचून मनात विचार करत असेल, त्याने परवान्याचा विचार नंतर करावा, आधी जन्मदाखला, विवाह नोंदणी आणि सगळ्या कागदांवर एकसारखे नाव, हे तीन उरकून ठेवावे. परदेशी जायचे नसले तरी वाया जात नाही.

आता पैसा, माझा प्रांत.

दीड हजार डॉलर म्हणजे इथले सदुसष्ट-अडुसष्ट हजार रुपये. इथेही रुपयाच आहे, पण त्यांचा एक म्हणजे आपले पावणेदोन-एक रुपये ऐंशी-नव्वद पैसे. चलनाच्या नोटेवर तमिळ आणि देवनागरी अक्षरे असतात, भाजी घेताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा ह्यांनी नोट उलटसुलट करून बघितली. त्या रकमेत दोन माणसांचा खर्च भागतो का? भागतो. क्वात्र बोर्नला दोन खोल्यांचा, सामानासकट फ्लॅट आम्ही चोवीस हजारांना घेतला. उरलेल्यात किराणा, वीज, औषधे, बस-मेट्रो होऊन थोडे शिल्लक पडते. समुद्रकाठी, ग्रां बे किंवा फ्लिक आं फ्लाकला राहिलो असतो तर शिल्लक पडली नसती. तिकडे फ्रान्स आणि दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त लोक आहेत, त्यांच्या खिशाप्रमाणे भाडी आहेत.

प्रश्न आजच्या खर्चाचा नाही. परवाना दहा वर्षांचा आणि अट डॉलरची, हा प्रश्न आहे. २०१३ च्या मध्याला डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता. आम्ही आलो त्या २०२३ च्या मध्याला ब्याऐंशी. म्हणजे त्या दहा वर्षांत ज्याने ही अट पाळली असती, त्याला तीच डॉलरची रक्कम भरायला शेवटी सुरुवातीपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक जादा रुपये मोजावे लागले असते. युरोत पेन्शन घेणाऱ्याला ही चिंता कमी. आमची बँक पेन्शन १९९५ च्या नियमांची: महागाई भत्ता वाढतो, पण मूळ पेन्शन निवृत्त झालो त्या दिवशी गोठली ती गोठलीच. माझी पेन्शन, ह्यांची पेन्शन आणि डोंबिवलीच्या घराचे भाडे मिळून अट जेमतेम पुरी होते, वरचा मार्जिन मुदत ठेवींच्या व्याजावर. कर्ज मंजूर करताना मी असा प्रस्ताव पाहिला असता तर शेरा मारला असता: परतफेडीची क्षमता आहे, विनिमय दराची जोखीम ग्राहकाने समजून घेतल्याचे लेखी घ्यावे. हा गेला पाचवा तारा.

पाठवायचे कसे हेही ऐका. भारताबाहेर अनिश्चित काळासाठी राहायला गेलात की परकीय चलनाच्या फेमा कायद्याने तुम्ही अनिवासी, आणि तुमचे साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे खाते, करून घ्यावे लागते. बरेच ज्येष्ठ लोक हे करत नाहीत, मुलाकडे सहा-सहा महिने राहतात आणि जुनेच खाते चालवतात. परवाना घेऊन राहायला जाणाऱ्याने ते करू नये. पेन्शन, भाडे हे चालू उत्पन्न आहे, कर भरून एनआरओमधून बाहेर पाठवता येते. त्याला आयकराचा ठरलेला फॉर्म (आम्ही आलो तेव्हा १५सीए) आणि गरज असेल तिथे सीएचे प्रमाणपत्र (तेव्हा १५सीबी) लागते. जुनी मुद्दल काढायची तर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतची मर्यादा आहे, ती मर्यादा गाठण्याची काळजी आम्हाला तरी नाही. दर महिन्याला पाठवले तर दर महिन्याला सीएची फी, बँकेचे शुल्क आणि मधल्या परदेशी बँकेने वाटेत कापलेले. त्यामुळे आम्ही वर्षाचे एकत्र, दोन हप्त्यांत पाठवतो. निवासी असतानाच पहिली रक्कम पाठवणार असाल तर ती उदारीकृत प्रेषण योजनेत जाते, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. आणि १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांच्या वर गेले की वीस टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, कापला जातो. तो कर विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

ह्यात ज्येष्ठांना सगळ्यात जास्त झोंबणारी गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. अनिवासी झालात की 'माझ्या व्याजावर कर कापू नका' असे बँकेला सांगणारा फॉर्म (आम्ही आलो तेव्हा १५एच) गेला. एनआरओ ठेवींच्या व्याजावर तीस टक्के आणि वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापला जाणार. व्याजावरची ज्येष्ठांची वजावट निवासींसाठी, कमी उत्पन्नावरची करसूट निवासींसाठी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही. परतावा मिळतो, पण जुलैत विवरणपत्र भरून वाट बघायची. डोंबिवलीत बसून ज्याचा कर शून्य येत होता, त्याच माणसाला त्याच उत्पन्नावर अचानक कापाकापी दिसू लागते. इथे येण्याच्या खर्चाच्या यादीत ही ओळ घाला.

शिवाय इथले विवरणपत्र वेगळे. मॉरिशसचे करवर्ष जुलै ते जून, आपले एप्रिल ते मार्च. दोन्हींचे सांधे जुळत नाहीत. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार जुना आहे, पण तो वाचून आपणच अर्थ लावू नये, दोन्हीकडचा जाणकार धरावा. मी बँकेत होते तरी धरला.

आता बँक. ज्या बँकेत मी चौतीस वर्षे काढली तिचे नाव घेत नाही, पण खाते एनआरओ करण्याचा अर्ज त्याच बँकेत दिला होता. शाखेने सांगितले, अर्ज मध्यवर्ती कक्षात गेला. मध्यवर्ती कक्षाने सांगितले, शाखेकडून आला नाही. मधल्या काळात ओटीपी परदेशी क्रमांकावर येईना आणि भारतीय क्रमांक बदलायला शाखेत प्रत्यक्ष या म्हणे. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा तिथे आज व्यवस्थापक आहे. "मॅडम, सिस्टम घेत नाही," तो म्हणाला. हे वाक्य मी स्वतः किती ग्राहकांना ऐकवले असेल. दोन तारे, तेही मुलगा फोन उचलत होता म्हणून.

उपाय साधा आहे, मात्र तो निघायच्या आधीचा. भारतीय सिम बंद करू नका. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, दोन सिमचा फोन घ्या, किमान रिचार्ज चालू ठेवा. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे लागत नाहीत, ओटीपी येतात. आधारशी, पॅनशी, बँकेशी आणि म्युच्युअल फंडाशी जोडलेला क्रमांक एकच ठेवा, पण नवरा-बायको दोघांचे सगळे एकाच्याच क्रमांकावर नको. आम्हा दोघांचे सगळे ह्यांच्या क्रमांकावर होते. ह्यांना फोन घरी ठेवून बाजारात जायची सवय. ते सगळे वेगळे करून मगच विमानात बसलो.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात. पोर्ट लुईला भारतीय उच्चायुक्तालय आहे, तिथे जाऊन होते. जीवन प्रमाणचे चेहरा ओळखणारे ॲपही चालते. ह्यांचा चेहरा पहिल्या झटक्यात ओळखला जातो. माझा ओळखायला ॲप वेळ लावते, मला खिडकीसमोर उभे करून डोळे मिचकवायला सांगते. ह्यांना त्याचा फार आनंद होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे यूपीआय आणि रुपे सुरू झाले, तेव्हा भारतातून बऱ्याच नातेवाइकांनी फोन करून अभिनंदन केले, जणू आता आमचा सगळा प्रश्न मिटला. पर्यटकाला ती सोय उत्तम आहे. राहणाऱ्याला घरभाडे आणि विजेचे बिल इथल्या बँक खात्यातूनच द्यावे लागते, आणि परवान्याच्या अटीसाठी पैसा खात्यात आलेला दिसावा लागतो.

घर घेताना आम्ही एक गोष्ट ठरवून केली: उंचावरची गावे आणि किनारा, दोन्हीकडे राहून पाहिले. बेट लहान, दोन हजार चाळीस चौरस किलोमीटर, पण हवा दर अर्ध्या तासाला बदलते. किनाऱ्यावर जानेवारीत घामाघूम. क्युरपिपला, सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, दमट गारवा आणि सततची रिपरिप. तिथे माझे लोणचे बुरसेल आणि ह्यांचे गुडघे दुखतील अशी खात्रीच पटली. क्वात्र बोर्न मधले. मेट्रो दारात आहे, बुधवारी आणि शनिवारी भाजीबाजार. भाडेकरार फ्रेंचमध्ये आला. सरकारी कागद इंग्रजीत, खासगी कागद फ्रेंचमध्ये, बोलणे क्रिओलमध्ये (फ्रेंचपासून घडलेली इथली बोली), असा इथला रिवाज आहे. करार मी तीन दिवस शब्दकोश घेऊन वाचला आणि घरमालकाला विचारले की रंगकाम आमच्याकडे कसे काय. तो हसला आणि ते कलम खोडले. एजंटाची फी, त्यावर पंधरा टक्के व्हॅट, अनामत. हे धरून ठेवा. विकत घ्यायच्या फंदात पडू नका. परदेशी माणसाला इथे मनाला येईल ते घर घेता येत नाही; ठराविक योजनांमध्ये किंवा तळमजला अधिक किमान दोन मजल्यांच्या इमारतींत साठ लाख मॉरिशियन रुपयांच्या वरचा फ्लॅट. डोंबिवलीचे घर विकून इथे घेण्याचा सल्ला एका एजंटाने दिला होता. त्याला चहा पाजून परत पाठवले.

प्लग ब्रिटिश, जाड तीन पायांचे. मिक्सर आणायचा तर ॲडॉप्टरसकट. गच्चीवर पाण्याची टाकी आहे का ते घर बघतानाच विचारा, काही भागांत कोरड्या महिन्यांत पाणी ठरलेल्या वेळीच येते. दुकाने संध्याकाळी सहाला बंद, ह्या गावांत गुरुवारी आणि रविवारी दुपारनंतर शुकशुकाट. डोंबिवलीकराला रात्री नऊला फडके रोडवर चक्कर मारायची सवय. इथे सात वाजता रस्त्यात फक्त कुत्री भेटतात. पहिले काही महिने हे मला दवाखान्यापेक्षा जड गेले.

दवाखाना. इथे मी तारे देत नाही, कारण अजून मोठा प्रसंग आलेला नाही. खासगी रुग्णालये चांगली आहेत, डॉक्टरांपैकी कितीतरी भारतात शिकलेले. मधुमेहाच्या तज्ज्ञाने माझी फाइल बघून मणिपालची आठवण काढली. ग्रां ब्वाला जुलै २०२४ मध्ये जनऔषधी केंद्र सुरू झाले, भारताबाहेरचे पहिले. पण विमा हे खरे भोक आहे. आपला मेडिक्लेम बहुधा भारतातल्याच उपचारांना लागू, आणि साठी उलटलेल्या, मधुमेह असलेल्या नव्या ग्राहकाला घेणारी पॉलिसी इथे मिळाली तरी तिचा हप्ता बघून रक्तदाब वाढतो. ह्यावर आमचा तोडगा असा: इथे फक्त तातडीच्या रुग्णालयवासापुरते संरक्षण, भारतातला मेडिक्लेम न चुकता चालू, आणि ठरवून करायची शस्त्रक्रिया ठाण्यात. ह्यांचा गुडघा त्याच यादीत आहे. मुंबईचे थेट विमान सव्वासहा-साडेसहा तासांचे. हा तोडगा हृदयविकाराच्या झटक्याला उपयोगी नाही हे मला कळते. ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याने परवान्याकडे बघण्याआधी विम्याचा कागद हातात घ्यावा, आणि कागद मिळाला नाही तर विचार सोडावा. ह्या बाबतीत मी भिडस्तपणा करणार नाही.

वादळाचे सांगायला हवे. नोव्हेंबरपासून वादळांचा हंगाम. सरकार एक ते चार असे इशारे देते. तीन आला की बस बंद, घरात बसायचे. जानेवारी २०२४ च्या मध्यावर बेलाल नावाचे वादळ आले तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून चालल्या होत्या, टीव्हीवर बघताना २६ जुलै २००५ आठवला. त्या दिवशी मी कुर्ल्याहून चालत निघाले होते, तेव्हा ह्या प्रकरणात मी काही नवशिकी नाही. पण मुंबईत पाऊस कुणाला विचारून येत नाही. इथे इशाऱ्याचा क्रमांक रेडिओवर ऐकून शेजारी दारे-खिडक्यांना फळ्या ठोकतात, पाणी भरतात, पाव आणतात. आमच्याकडे फळ्या नव्हत्या. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या मुलाने न विचारता ठोकून दिल्या, आणि वादळ गेल्यावर काढायलाही तोच आला.

भाषेची गोष्ट लोक विचारतात. मला इंग्रजीवर निभावते. ह्यांना मात्र बाजार माझ्यापेक्षा जास्त उघडला. बंदरात ह्यांच्याबरोबर आरा-बलियाकडची माणसे होती, त्यामुळे मोडकीतोडकी भोजपुरी येते. इथल्या भाजीवाल्या म्हाताऱ्यांना ती कळते, आणि कोणी मुंबईकर भोजपुरीत भाव करतो आहे हे बघून त्या आधी हसतात, मग दोन जुड्या जास्त देतात. शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम', भेंडी 'लालो', दोडका 'पिपंगाय'. ह्यांना सगळे पाठ. कढीपत्ता अंगणातून. नाही मिळत ते ज्वारीचे पीठ, आणि गोडा मसाला. ते भारतातून आणतो. झाडे, बिया, ताजी फळे आणायची नाहीत, विमानतळावर काढून घेतात. धोल-पुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची चुलत बहीण, आत तसेच डाळीचे सारण. पहिल्या घासाला ह्यांनी गूळ शोधला.

मराठी लोक आहेत इथे, आणि आपल्यासारखे नाहीत. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-साताऱ्याकडून उसाच्या मळ्यांवर आलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारबद्ध मजुरांच्या, ह्या पुढच्या पिढ्या. शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, कोकणातल्यासारखी जाखडी अजून नाचतात. घरात बोलतात क्रिओल. मी पहिल्या गणपतीत कौतुकाने मराठीत सुरू केले, समोरच्या बाईंनी अडखळत चार वाक्ये बोलली आणि मग आम्ही दोघींनी इंग्रजी धरले. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पण "तिकडे आपलीच माणसे आहेत, काय चिंता" असे म्हणून कोणी येत असेल तर त्याने समजून यावे: त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे स्वतःचे घर आहे, आपण तिथले पाहुणे. मोदक मात्र अप्रतिम करतात. सारण जरा कमी गोड.

कुणी घ्यावा हा परवाना? ज्याची पेन्शन अटीच्या दीडपट आहे, ज्याचे हृदय धडधाकट आहे, ज्याला संध्याकाळी सातनंतर घरात बसायला आवडते आणि ज्याची बँक फोन उचलते, त्याने बिनधास्त. ज्याला नातवंडे आठवड्याला बघायची आहेत त्याने नको. आणि ज्याला वाटते की इकडे आलो की भारतातले कागद संपले, त्याने तर अजिबात नको. भारतातले कागद आले त्या दिवशी दुप्पट झाले.

एक काम राहिले आहे, ते ह्या महिन्यात उरकायचे. अवलंबिताचा परवाना मुख्य अर्जदाराच्या परवान्याला बांधलेला असतो. मी आधी गेले तर ह्यांना स्वतःच्या नावाने नवा अर्ज करावा लागेल, आणि त्यासाठी अट पुरी करणारा पैसा ह्यांच्या एकट्याच्या नावावर दिसायला हवा. कुटुंब पेन्शन धरूनही तो आज दिसत नाही. म्हणून दोन ठेवी ह्यांच्या नावावर वळवते आहे. दुसरे, डोंबिवलीत केलेले मृत्युपत्र तिकडच्या मालमत्तेला ठीक आहे, पण मॉरिशसचा दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा, त्यात मुलांचा वाटा कायद्यानेच राखून ठेवलेला असतो, सगळे नवऱ्याच्या नावे लिहिले की झाले असे नाही. इथल्या खात्यासाठी वेगळा कागद करायला नोटरीकडे गुरुवारची वेळ घेतली आहे. सकाळची, कारण गुरुवारी दुपारी सगळे बंद.